डुकरं वाढली, काडतूस मागे पडलं

पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना देणारा कायदा आहे, तिच्यासाठी काडतुसं बनवणारा कारखाना आहे आणि रानडुकरांचा त्रास तर वाढतोच आहे. तरीही सोलापूरच्या शेतशिवारातून रायफलचं काडतूस हद्दपार होत चाललं आहे. असं का झालं आणि त्याची जागा कोण घेतंय?

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की सोलापूर जिल्ह्यात राखण सुरू होते. दिवसा पाखरांवर गोफण, रात्री डुकरांवर बॅटरीचा झोत, फटाके, डबे बडवणं आणि हाळ्या. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी असो, भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी असो, नाहीतर उजनी धरणाच्या पाण्यावर उभा राहिलेला मका आणि ऊस असो, रानडुकराला सगळंच चालतं. कळप एका रात्रीत पीक आडवं करतो, तेव्हा घरातलं वर्षाचं धान्य जातं आणि जनावरांचा कडबाही जातो.

या राखणीत बंदुकीला कायद्याने दिलेली जागा आहे. गावोगावी जुन्या परवानाधारकांकडे १२ बोअरची बंदूक असते, क्वचित कुणाकडे पॉइंट ३१५ची रायफल. पैकी हे पॉइंट ३१५चं काडतूस मोठं विलक्षण आहे. जगात इतरत्र ते केव्हाच इतिहासजमा झालं. भारतात मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं. ते टिकलं कायद्यामुळे, आणि आता शेतातून मागे सरतंय तेही बहुतांशी कायद्यामुळेच.

ऑस्ट्रियातून खडकीला

या काडतुसाचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करात १८८०च्या दशकाअखेरीस झाला. ‘८ बाय ५० मॅनलिखर’ हे त्याचं मूळ नाव. पहिल्या महायुद्धात त्या साम्राज्याचे सैनिक हेच काडतूस घेऊन लढले. साम्राज्य बुडालं, युरोपातल्या सैन्यांनी पुढे दुसरी काडतुसं स्वीकारली आणि तिथे याची गरज संपली.

भारतात मात्र इंग्रजांना वेगळीच धास्ती होती. १८७८च्या शस्त्र कायद्याने त्यांनी हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलंच होतं. त्यापुढची भीती अशी, की शिकारीच्या नावाखाली विकलेली काडतुसं बंडखोरांच्या लष्करी बंदुकांत वापरली जातील. म्हणून १९०७च्या सुमारास पॉइंट ४५० मापाच्या काडतुसांवर भारतात बंदी आली. फौजेची पॉइंट ३०३ही नागरिकांना वर्ज्य ठरली. मग इंग्रज बंदूक कारखानदारांनी पळवाट शोधली: ब्रिटिश फौज वापरत नाही असं माप निवडायचं आणि त्यात रायफल बनवायची. पॉइंट ३१५ हे अशा मापांपैकीच एक. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने या मापाच्या रायफली भारतात विकल्या आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने तोच वारसा पुढे चालवला.

काडतुसांचं नातं मात्र थेट महाराष्ट्राशी आहे. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. नागरी काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरं म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’. खडकीखेरीज जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं. त्यानंतर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेले. ऐंशीच्या दशकापासून परदेशी बंदुका आणि काडतुसांची आयात सर्वसामान्यांसाठी जवळजवळ बंद आहे. त्यामुळे परवानाधारकाच्या हाती काय पडायचं, हे मुख्यतः सरकारी कारखान्यांवरच ठरत आलं.

जगातली तऱ्हा

शेतीला उपद्रव देणाऱ्या लहान जनावरांसाठी खास काडतुसं बनवण्याची परंपरा अमेरिकेत मोठी आहे. तिकडच्या गवताळ प्रदेशात जमिनीत बिळं करणारे प्रेअरी डॉग आणि कळपांवर हल्ला करणारे कोयोटी हे तिचं लक्ष्य. १९३०ची पॉइंट २२ हॉर्नेट, १९३५ची पॉइंट २२० स्विफ्ट, १९५०ची पॉइंट २२२ रेमिंग्टन, २००४ची पॉइंट २०४ रुगर ही त्या घराण्यातली नावं. प्रत्येक काडतूस काही वर्षं गाजलं आणि त्यातली अनेक पुढे मागे पडली. पॉइंट २२२ निशाण्याला अतिशय अचूक म्हणून नावाजलेली होती. पण तिच्याच घडणीवरून बेतलेली पॉइंट २२३ अमेरिकी लष्करात गेली, कारखान्यांनी ती प्रचंड संख्येने बनवली, ती स्वस्त झाली आणि जुनी बाजूला पडली. स्विफ्टची गोळी सेकंदाला सव्वा किलोमीटरच्या वेगाने सुटायची, पण त्या वेगाने नळी लवकर झिजते ही तक्रार तिला कायम चिकटली.

या काडतुसांचा ताळेबंद एकच सांगतो. गुणवान काडतूसही आपोआप टिकत नाही. ते बनवणारा कारखाना, ते परवडणारं गिऱ्हाईक आणि ते चालवू देणारा कायदा, या तिघांतला एक जरी मागे हटला तरी काडतूस संपतं. पॉइंट ३१५च्या बाबतीत कारखाना आहे, पण उरलेल्या दोन्ही बाजू कच्च्या झाल्या आहेत.

माळावर गोळी थांबत नाही

आधी गोळीचं गणित पाहू. पॉइंट २०४ रुगरची हलकी गोळी जेमतेम २ ग्रॅमची असते, वेग सेकंदाला सुमारे १,२८० मीटर. तिचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. जनावराला किंवा मातीला लागताच तिचे तुकडे होतात आणि ती उसळून पुढे जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पॉइंट ३१५ची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, म्हणजे आठपट जड, आणि वेगाने तिच्या निम्मी. ती युद्धासाठी घडवलेली होती. आरपार जावी आणि दूरवर मारा करावा हेच तिचं काम. चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, दगडावर आपटून दिशाही बदलते.

सोलापूरचा मुलूख डोंगराळ नाही. बालाघाटाच्या काही रांगा सोडल्या तर सपाट काळी रानं आणि उघडे माळ. चुकलेली गोळी पोटात घेईल असा मातीचा उंचवटा निशाणामागे असावा लागतो, तो इथे सहसा मिळत नाही. त्यात वस्त्या शेतातच, रात्री पाणी द्यायला मोटारीवर गेलेला माणूस, उसाच्या फडाशेजारी ऊसतोड कामगारांची पालं, माळावर धनगरांचे वाडे. अंधारात, हलत्या कळपावर, अशा रानात रायफल चालवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. १२ बोअरचे छर्रे चाळीसेक मीटरनंतर ताकद गमावतात, म्हणून पीक राखणीला बंदूक द्यायचीच तर ती छऱ्यांची, हा विचार तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे.

कायद्यानेही तेच म्हटलं आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतं. ती पुरेशी नाही अशी खात्री पटली, तर परवाना देणारा अधिकारी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. आटे पाडलेल्या नळीची रायफल या तरतुदीत बसत नाही. कोकणात ठासणीची बंदूक अजून घराघरांत दिसते, त्याचं मूळही इथेच आहे. सोलापुरात ज्यांच्याकडे रायफल आली ती बहुतेक आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर, किंवा शिकार कायदेशीर होती त्या काळातल्या आजोबांकडून.

माळढोकच्या जिल्ह्यातला पेच

सोलापूरला आणखी एक कुलूप आहे. १९७९ साली नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचा विस्तार सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळं आलं. पुढे २०१२च्या सुमारास हे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३१ अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायला मनाई करतं. कलम ३४ त्याच्याही पुढे जातं. अभयारण्यात आणि त्याच्या दहा किलोमीटर परिघात राहणाऱ्या परवानाधारकाने हत्याराची नोंद वनखात्याकडे करायची असते आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय तिथे नवा परवाना देता येत नाही. साडेआठ हजार चौरस किलोमीटर आणि भोवती दहा किलोमीटर, असा हिशेब केला की करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या पट्ट्यात नव्या बंदुका का वाढल्या नाहीत ते कळतं.

या बंधनांचं मोल मोठं आहे. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो, पण काळवीट आणि लांडगा याच माळांवर टिकून आहेत. काळवीटही ज्वारीत उतरतं, शेतकऱ्याचं नुकसान करतं. पण ते पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर बंदूक रोखणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा.

रानडुकराची गोष्ट थोडी वेगळी. उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या अशा जनावराला मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी कलम ११ नुसार देऊ शकतो आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्यासाठी तशी कार्यपद्धती घालून दिली. मारलेलं जनावर मात्र सरकारची मालमत्ता. २०२२च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची कायद्यातून गेली. एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं तर केंद्राची वेगळी अधिसूचना लागते. म्हणजे दार उघडं आहे, पण अर्ज, पाहणी आणि परवानगी होईपर्यंत कळप दुसऱ्या शिवारात गेलेला असतो.

शस्त्र परवान्याची वाटही अरुंद झाली. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ज्याच्याकडे तीन होती, त्याला एक जमा करणं भाग पडलं. वारसाला हत्यार मिळण्याची तरतूद २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. पण आजोबांची रायफल सांभाळायची म्हणजे नूतनीकरण, पडताळणी आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात हत्यार जमा करण्याचे आदेश हे सगळं आलं. शिवाय उत्तर भारतातल्या गावठी कट्ट्यांत हेच पॉइंट ३१५ काडतूस सर्रास सापडतं, त्यामुळे त्याच्या विक्रीवर पोलिसांची नजर कडक असते. नातवाला या रायफलचा शेतात उपयोगच नसेल, तर तो हे सगळं कशासाठी करेल?

गोळी गेली, तार आली

इथवर वाचून वाटेल, बरंच झालं की. सपाट रानातून एक धोकादायक काडतूस जातंय. मलाही तसंच वाटतं. पण त्याची जागा मोकळी राहिलेली नाही. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं आणि कणकेच्या गोळ्यात स्फोटकं भरून गावठी बॉम्ब टाकणं, हे दोन प्रकार महाराष्ट्रात गावोगाव बोकाळले आहेत. बंदूक निदान माणूस चालवतो, निशाण पाहतो. तारेला डुक्कर आणि दारं धरायला निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही. गावठी बॉम्ब कुत्र्याचा, गाईचा, लांडग्याचा जबडा उडवतो.

सौर कुंपण आणि थेट वीज यांत अनेकजण गल्लत करतात, म्हणून हे नीट सांगायला हवं. सौर कुंपणाचं यंत्र साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ झटका देतं. जनावर दचकून मागे हटतं, मरत नाही. खांबावरून आकडा टाकून सोडलेल्या विजेत प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडतात आणि तार हातातून सुटत नाही. पहिलं संरक्षण आहे, दुसरा गुन्हा आणि बहुतेक वेळा मृत्यू.

गोळीने डुकरं कमी होतील ही आशाही फोल आहे. मादी एका वेताला चार ते सहा पिल्लं देते. एखादं डुक्कर मारलं तर कळप पांगतो आणि चार दिवसांत परततो. उजनीनंतर वाढलेल्या उसाने त्यांना वर्षभर लपायला जागा आणि खायला चारा दिला आहे. ही व्यवस्था आपणच उभी केली. ती काडतुसाने मोडणार नाही.

आता काय हवं

पॉइंट ३१५ मागे पडतेय याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण शेतकऱ्याच्या हातातलं एक कायदेशीर साधन जात असेल, तर दुसरं त्याच्या हाती वेळेवर पडलं पाहिजे, ही सरकारची जबाबदारी आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. रानडुकरांचा त्रास असलेल्या सोलापूरच्या प्रत्येक गावाला त्या किंवा तशाच योजनेत जागा मिळायला हवी, कारण इथलं डुक्कर जंगलात राहत नाही, उसात राहतं. कुंपण एकेका बांधाला घालण्यापेक्षा शिवाराला घातलं तर खर्चही वाटला जातो आणि कळप शेजाऱ्याच्या रानात ढकलला जात नाही. नुकसानभरपाईचा पंचनामा पीक उभं असतानाच व्हायला हवा. वन्यप्राण्यांकडून होणारं नुकसान २०२६च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचं केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं आहे. त्याचा लाभ खरोखर मिळतो का, हे प्रत्येक ग्रामसभेने तपासावं.

आणि जिथे जनावर मारणं खरोखर अटळ असेल, तिथे ते काम वनखात्याने प्रशिक्षित नेमबाजांकडून, योग्य काडतूस निवडून, गावाला आधी सांगून करावं. रात्रभर जागलेल्या, वर्षाचं पीक डोळ्यांदेखत जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर ते ओझं टाकू नये. पीक पिकवणं हेच त्याच्यासाठी पुरेसं कष्टाचं आहे.