वारसांच्या यादीत माळढोक

मृत्युपत्राचा विषय निघाला की मध्यमवर्गीय घरात एक अवघडलेली शांतता पसरते. धीर करून कोणी ते लिहिलेच, तर त्यात पत्नी आणि मुले येतात, क्वचित गावचे देवस्थान वा शाळा येते. अरण्याचे आणि वन्य जीवांचे नाव मात्र सहसा येत नाही. हे औदार्याच्या अभावी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देवळाला दाता असतो आणि शाळेला माजी विद्यार्थी असतो. माळढोकाला कोण असतो?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत माळढोक हे सार्वजनिक हित आहे. तो टिकल्याचा लाभ सर्वांना, म्हणून त्याची किंमत मोजण्याची निकड कोणालाच नाही. शासनाने १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर-नगर परिसरात अभयारण्य घोषित केले. तरीही नान्नजच्या माळावर आज तो अभावानेच दिसतो. घोषणा एकदा करता येते. राखणदाराचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. अशा कामाला हवा असतो तो स्थायी निधी, ज्याचे मुद्दल हलत नाही आणि व्याज आटत नाही. सलीम अली यांनी आपल्याला मिळालेल्या गेटी पारितोषिकातून असाच निधी उभारला होता.

ब्रिटनमध्ये अशा दानाला करव्यवस्थेचेच पाठबळ आहे. तेथे वारसा-कराचा दर ४० टक्के. धर्मादाय संस्थेला ठेवलेली रक्कम त्यातून मुक्त आणि करपात्र मालमत्तेचा किमान दहावा भाग दान केल्यास उरलेल्यावरील दर ३६ टक्के. भारतात १९५३ साली आलेले मालमत्ता शुल्क १९८५ साली रद्द झाले. त्यामुळे येथे मृत्युपत्रातून दान करणाऱ्याचा कर वाचत नाही. तो देतो ते निखळ स्वेच्छेने.

कायद्याची वाट वाटते तितकी बिकट नाही. भारतीय वारसा कायद्यानुसार, १९२५ पासून, लेखी मृत्युपत्राला स्वाक्षरी आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे. हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्तेबरोबर एकत्र कुटुंबातील आपला हिस्साही देता येतो. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशाची मर्यादा आहे. ख्रिस्ती दात्यांवरील जाचक बंधन सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरविले. पक्ष्याच्या नावे मात्र काही ठेवता येत नाही. नोंदणीकृत संस्थेचे नेमके नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. आणि रकमेऐवजी हिस्सा लिहावा. वीस वर्षांपूर्वी लिहिलेले पन्नास हजार महागाईने केव्हाच कुरतडलेले असतात. 'देणी व कुटुंबाच्या तरतुदी भागवून उरेल त्याचा दहावा भाग' ही शब्दयोजना कारकुनाच्या मृत्युपत्रातही शोभते आणि मुलांच्या तोंडचा घास काढून घेत नाही.

खरी अडचण जमिनीची आहे. ज्या माळरानावर पक्षी वावरतो ते अनेकदा सातबाऱ्यावरील शेतजमीनच असते. कुळकायद्यातील बंदी मृत्युपत्रालाही लागू होते आणि बिगरशेतकऱ्याला अशा रीतीने शेतजमीन देता येत नाही, असा निर्णय गुजरातेतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या त्या तरतुदीमागील हेतू निर्विवाद आहे. परंतु नांगर न लावता जमीन राखणे हाच ज्या संस्थेचा उद्देश, तिच्यापुरता अपवाद, गैरवापराविरुद्ध कडक अटी घालून, विधिमंडळाला करता येईल. तो होईपर्यंत शहरातील सदनिका विकून येणारा पैसा माळरानाला पोहोचू शकतो. खुद्द माळरान मात्र नाही.