चार व्होल्ट गेले कुठे?

गीझर लावला की बोर्डापाशी जळका वास येतो, ही तक्रार. घरच्यांचा निकाल आधीच लागलेला: गीझर जुना झालाय, जास्त करंट ओढतोय. वायरमनमामांनी त्यावर मान हलवली नाही की नाकारलं नाही. गीझरच्या अंगावरची पट्टी वाचली. २३० व्होल्ट, २००० वॅट. खिशातल्या डायरीच्या मागच्या पानावर भागाकार झाले. वॅटला व्होल्टने भागलं, ८.७ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं, साधारण साडेसव्वीस ओहम.

"हे कंपनीचं म्हणणं. आता गीझर काय म्हणतो ते ऐकू."

मेन बंद करून झाकण उघडलं. मी टॉर्च धरला. मल्टिमीटरच्या दोन्ही प्रोब आधी एकमेकांना टेकवल्या, तर ०.३ ओहम दाखवलं. हा खुद्द मीटरच्या तारांचा विरोध. मग एलिमेंटची टोकं: २६.८. त्यातून ०.३ वजा केलं की पट्टीवरचाच हिशेब. एलिमेंट धडधाकट होतं.

असा थंड मापलेला आकडा सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बची तार थंड असताना चाळीसेक ओहम दाखवते. त्यावरून हिशेब केला तर बल्ब तेराशे वॅटचा निघेल! पेटल्यावर तीच तार ५२९ ओहमची होते. गीझरमधली नायक्रोम तार त्या मानाने सरळ, तापली तरी फारशी बदलत नाही.

मामांचा मदतनीस तोवर बोर्डापासून गीझरपर्यंतची वायर आणि सॉकेट तपासत होता. मीटरवर बीप वाजली, म्हणजे सगळं ठीक, असं त्याचं मत. मामा म्हणाले, "बीप वाजली म्हणजे तार तुटलेली नाही, एवढंच. लोड टाकल्याशिवाय खरं कळत नाही." आणि हे अगदी बरोबर आहे. बीपवाला मीटर काही ओहमपर्यंत खुशाल वाजतो. गडबड असते ती ओहमच्या अपूर्णांकात.

मग पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फरशी, गीझर चालू. टंग टेस्टरचा चिमटा एकट्या फेजच्या तारेभोवती बसवला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही पकडल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. नवशिके इथेच फसतात. मदतनीस मुख्य मीटरपाशी दुसरा मीटर घेऊन उभा. "बोल!" म्हटल्यावर दोघांनी एकाच दमात आकडे सांगायचे, कारण आपल्याकडचा व्होल्टेज एका जागी ठरत नाही. जर्मनीत गेओर्ग ओहमलाही हीच अडचण आली होती. बॅटरीचा जोर हलायचा, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचे सांधे केले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला आणि त्यातून स्थिर दाब मिळवला. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. मामांकडे बर्फ नाही, मदतनीस आहे.

मुख्य मीटरपाशी २२९ व्होल्ट. गीझरच्या टोकांवर २२३. करंट ८.४ अँपिअर.

म्हणजे गीझर जास्त ओढत नव्हताच, पट्टीपेक्षा कमीच घेत होता. २२३ गुणिले ८.४, १८७३ वॅट. पण सहा व्होल्ट वाटेत हरवले होते. वायर अडीच स्क्वेअरची, लांबी पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस. अशा तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला साडेसात ओहमच्या जवळपास, म्हणजे इथे ०.२२. त्यात दोनेक व्होल्ट जाणारच, ते हक्काचे. उरलेल्या चार व्होल्टना मात्र जागा हवी. चार भागिले ८.४, जेमतेम अर्धा ओहम. आणि चार गुणिले ८.४, चौतीस वॅट.

चौतीस वॅट म्हणजे मामांच्या पिशवीतली सोल्डरिंगची इस्त्री. ती कोणी सॉकेटमध्ये खुपसून ठेवावी, तसं चाललं होतं.

प्लग ओढला. एका पिनेवर निळसर-काळा डाग, सॉकेटच्या आतली पितळी पकड सैल. पकड सैल झाली की विरोध वाढतो, विरोधाने उष्णता वाढते, उष्णतेने पकड आणखी ढिली पडते. एमसीबी यावर काहीच करत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. सगळ्यांचा भरवसा तिच्यावर, म्हणून हा दोष जास्त धोक्याचा.

हा भागाकार-गुणाकार मोटारीला मात्र लावू नये. तिथे नुसते व्होल्ट गुणिले अँपिअर केले की वॅट येत नाहीत, पॉवर फॅक्टर मध्ये येतो. शिवाय वागणं उलटं: व्होल्टेज १८० वर आला तर हा गीझर सव्वाबाराशे वॅटवर उतरेल आणि पाणी उशिरा तापेल, पण शेतातला पंप तेवढंच पाणी खेचायला करंट वाढवतो आणि वायंडिंग जळतं.

मामांनी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलले. पुन्हा मापलं: २२७ व्होल्ट, ८.६ अँपिअर, १९५० वॅटच्या वर. तुमच्या घरी प्लगची पिन काळवंडली असेल, तर नुसता प्लग बदलून थांबू नका. सॉकेटही बदलून घ्या आणि वायरमनला लोडवर मापायला लावा.