वर लटकलेले भाडेकरू

मंडाले, जून 2015.

पहाटे 4.50. फोन. चाउसेच्या रस्त्यावरची साइट डाउन. डिझेल संपलंय, किंवा कुणीतरी संपवलंय. म्यानमारमधल्या एका टॉवर कंपनीत मी ऑपरेशन्स सांभाळतो. सिग्नल आम्ही विकत नाही. मनोरे उभारायचे आणि टेलिनॉर, ऊरेडू या मोबाइल कंपन्यांना भाड्याने द्यायचे. थोडक्यात चाळमालक, फक्त आमचे भाडेकरू वर लटकलेले.

6.00. टपरीवर मोहिंगा, म्हणजे मासळीच्या रश्श्यात तांदळाच्या शेवया. कोकणातल्या माणसाला तक्रारीला जागाच नाही. शेजारच्या टेबलावरची पोरं फेसबुकात बुडालेली. काही वर्षांपूर्वी इथे सिमकार्डाला शेकडो डॉलर मोजावे लागत. गेल्या वर्षी या दोन परदेशी कंपन्या आल्या आणि ते 1,500 क्यातला, जेमतेम दीड डॉलरला मिळू लागलं.

8.15. साइट. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि वाहतूकही उजव्या बाजूने, त्यामुळे ओव्हरटेक शेजारी बसलेल्याच्या भरवशावर. जनरेटरची टाकी कोरडी ठणठणीत. तासांच्या मीटरशी लिटरचा हिशोब जुळत नाही. वॉचमन आभाळाकडे बघतो. ग्रीडची वीज देशातल्या साधारण एक तृतीयांश घरांतच पोचलेली, तर शेतातल्या मनोऱ्याला कोण देणार? बॅटरी आणि सोलर लावले की डिझेल निम्म्यावर येईल, हे मी वर्षभर कळवतोय. तोवर कॅन आणि कुलूप.

11.00. नव्या साइटची जमीन. परदेशी कंपनीला इथे जमीन विकत घेता येत नाही, भाड्यानेच घ्यावी लागते. त्यातून ही शेतजमीन, म्हणजे वापर बदलण्याची परवानगी आलीच. मालकीणबाईंना मात्र कागदांची फिकीर नाही. पायाजवळच्या झाडावर नात राहतो, त्याला विचारलंत का? नात म्हणजे इथला गावदेव, त्याला नारळ-केळी लागतात. ड्रॉइंग वीस फूट सरकवलं. विहीर खणण्याआधी नारळ फोडणाऱ्या गावातून मी आलोय, वाद कसला घालणार?

1.30. डबा. आईचा फोन: "टिळकांची कोठडी बघितलीस का रे?" दर आठवड्याला हाच प्रश्न. 1908 ते 1914 लोकमान्य याच शहरात कैदेत होते. पण किल्ल्याच्या तटाआतला बराच भाग लष्कराच्या ताब्यात, परदेशी माणसाला तिथे फिरू देत नाहीत. "बघेन," म्हणालो.

दुपार कागदांत गेली.

6.30. सिंगापूरहून गुंतवणूकदारांचा कॉल. त्यांना एकच आकडा हवा असतो: मनोऱ्यामागे भाडेकरू किती? बरोबरच आहे. पहिल्याच्या भाड्यात खर्च कसाबसा निघतो. दुसरा आला की लोखंड तेच, वॉचमन तोच, डिझेल थोडं जास्त. भाडं बहुतेक सगळं नफ्यात. केडीडीआय आणि सुमितोमो यांच्याशी हातमिळवणी केलेली सरकारी एमपीटी तिसरी होईल, अशी सगळ्यांना आशा. आज मागे वळून बघतो, तर कॉलवर उघडलेल्या त्या एक्सेलमध्ये डिझेल, व्याज, क्यातचा भाव, सगळ्यांच्या ओळी होत्या. लष्कराची नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याने सत्ता घेतली आणि परवान्यासाठी 50 कोटी डॉलर मोजलेल्या टेलिनॉरने पुढच्या वर्षी इथला धंदा साडेदहा कोटींना विकून टाकला. त्या संध्याकाळी मात्र मी उत्साहाने सांगत होतो की दुसरा भाडेकरू येतोच आहे.

9.40. रिगरचा मेसेज: "सया (म्हणजे साहेब), साइट अप." सोबत फोटो. टाकीला नवंकोरं कुलूप, आणि शेजारी चावी गळ्यात अडकवून उभा वॉचमन.