शाळेची राखण : धोक्याच्या घंटेची दूरस्थ देखभाल

खेड्यातील प्राथमिक शाळेत पूर्वी चोरून नेण्याजोगे फार थोडे असे. एक फळा, दोन-चार नकाशे, लाकडी पेटीतील दप्तर आणि आढ्याला टांगलेली पितळी घंटा, एवढीच तिची मत्ता होती. आज त्याच शाळेत संगणक, मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर आणि छपरावरील सौर पॅनेल आढळतात. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना सन २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, त्यामागे पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कार्याचा मोठा वाटा होता. साधने हाती आली म्हणजे खेड्यातील मूल कोठवर जाऊ शकते, हे त्या उदाहरणाने दिसून आले. परंतु साधने आली तशी त्यांच्या राखणीची जबाबदारीही आली. लोकवर्गणीतून घेतलेला संगणक एका रात्रीत नाहीसा झाला, तर केवळ एक वस्तू जात नाही. पुढच्या वर्गणीसाठी पुढे होणारा हातही आखडतो.

गावची राखण हा विषय नवा नव्हे. वेशीवर वेसकर, शिवारात जागल्या, रात्री रामोशाची गस्त, अशी जुनी व्यवस्था होती. तीत दक्षता होती. परंतु ती जन्माने लादलेली सक्तीची सेवा होती, हेही विसरता येत नाही. मुंबई राज्याच्या सन १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, ते योग्यच झाले. आता राखणीचे काम कोणा एका जातीचे नसून सर्व गावाचे आहे, आणि त्या कामात यंत्राचे साहाय्य घेता येते. अशा यंत्रांपैकी एक म्हणजे चोरीची सूचना देणारी घंटा. तिचा मेंदू म्हणजे भिंतीवर बसविलेली नियंत्रण-पेटी, अर्थात कंट्रोल पॅनेल. या पेटीची देखभाल दूर अंतरावरून कशी केली जाते आणि त्यासाठी शाळेने कोणती व्यवस्था लावावी, याचा विचार येथे केला आहे.

पेटी काय करते?

विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी सन १८५३ मध्ये घेतले. दार वा खिडकी उघडली की विद्युत्-मंडल पूर्ण व्हावे आणि घंटा वाजावी, इतकी ती रचना सोपी होती. आजची पेटी याहून सावध आहे. चोर येईपर्यंत ती स्वस्थ बसत नाही. वर्गशिक्षक हजेरी घेतात त्याप्रमाणे ती प्रत्येक विभागाची हजेरी अखंड घेत असते. दारावरील चुंबकीय कळ, खोलीतील हालचाल ओळखणारा सेन्सर आणि सायरन ही सारी तारेने अथवा रेडिओ लहरींनी पेटीशी जोडलेली असतात.

तारेच्या शेवटी एक लहानसा विद्युत्-रोध बसवितात. काही पेट्यांत तो २२०० ओहमचा, तर काहींत ४७०० ओहमचा असतो. पेटीला तेवढाच रोध जाणवत असेल तर सर्व ठीक. तार कोणी तोडली तर रोध अनंत होतो. दोन तारा एकमेकींना जोडून पेटीला फसविण्याचा प्रयत्न झाला तर रोध जवळजवळ शून्य होतो. दोन्ही प्रसंगी पेटी सावध होते. म्हणजे केवळ ‘दार उघडले’ एवढेच नव्हे, तर ‘उत्तर देणाऱ्याचा आवाज बदलला’ हेही तिला कळते.

खोलीतील सेन्सर मनुष्याच्या शरीरातून निघणारी अवरक्त उष्णता ओळखतो. शरीराची उष्णता आणि भिंतींची उष्णता यांत अंतर असेल तरच हालचाल त्याच्या ध्यानात येते. सोलापूर जिल्ह्यात वैशाखातला पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीच्या भिंती दुपारी जवळजवळ मनुष्याच्या त्वचेइतक्या तापतात. अशा वेळी सेन्सरची नजर मंदावते. आणि नेमकी याच दिवसांत शाळेला दीर्घ सुटी असते. तापमानाप्रमाणे संवेदनक्षमता आपोआप बदलणारे सेन्सर मिळतात. शाळेने तसेच मागावेत.

दूरस्थ देखभाल म्हणजे काय?

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. तंत्रज्ञ सोलापूर शहरात आणि शाळा करमाळ्याकडील एखाद्या वस्तीवर, असे असेल तर जाणे शंभर किलोमीटरहून अधिकचे होते. लहानशा बिघाडासाठी तंत्रज्ञाची वाट पाहण्यात आठवडा जातो, आणि तोवर पेटी बंद ठेवली जाते. दूरस्थ देखभालीत तंत्रज्ञ आपल्या जागेवरूनच, मोबाइलच्या अथवा इंटरनेटच्या मार्गाने, पेटीशी संपर्क साधतो. तो पेटीतील घटनांची नोंद वाचतो, बॅटरीचा दाब पाहतो, वेळापत्रक बदलतो, सतत खोटी सूचना देणारा एखादा विभाग तात्पुरता वगळतो आणि कोणाला फोन जावा त्या क्रमांकांची यादी दुरुस्त करतो.

बॅटरीचेच उदाहरण घेऊ. बहुतेक पेट्यांत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पेटी व सेन्सर मिळून ०.२ अँपिअर प्रवाह घेतात असे मानल्यास, वीज गेल्यावर ती हिशेबाने ३५ तास पुरावी. परंतु हा हिशेब नव्या बॅटरीचा आहे. तीन ते पाच वर्षांत तिची शक्ती क्षीण होते आणि उष्ण हवेत त्याहून लवकर. चार्ज होत असताना दाब साधारणतः साडेतेरा व्होल्ट दिसतो. वीज नसताना तो झपाट्याने घसरू लागला, की बॅटरी बदलण्याची वेळ आली असे तंत्रज्ञाला दुरूनच सांगता येते. ती बदलण्यासाठी मात्र प्रत्यक्ष यावेच लागते. सेन्सरवर कोळ्याने जाळे विणले, काचेवरून पाल फिरू लागली, सायरनमध्ये गांधीलमाश्यांनी घर केले, तर ते दुरून निघत नाही. दूरस्थ देखभाल ही वैद्याला नाडी कळविण्याची सोय आहे. मलमपट्टी जागेवरच करावी लागते.

व्यवस्था कशी लावावी?

पहिली गोष्ट नोंदीची. पेटीचा नमुना व अनुक्रमांक, तिच्यातील सिमकार्डाचा क्रमांक, कोणता विभाग कोणत्या खोलीचा, बॅटरी बसविल्याची तारीख, हे सर्व एका वहीत लिहून ठेवावे. ‘विभाग ३’ म्हणजे कार्यालय की संगणक-कक्ष, हे तंत्रज्ञाला दुरून दिसत नाही. ते कागदावरच असावे लागते. सांकेतिक क्रमांक मात्र या वहीत लिहू नयेत.

दुसरी गोष्ट संपर्काच्या मार्गाची. पेटी जेथे बसवावयाची तेथे मोबाइलचा संकेत पुरेसा मिळतो की नाही, हे आधी पाहावे. जाड दगडी भिंत व पत्र्याचे छप्पर संकेत अडवितात. अँटेना बाहेर काढल्याने पुष्कळदा काम भागते. केवळ २जी वर चालणारी पेटी केवळ ४जी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सिमवर चालत नाही, हेही खरेदीपूर्वी तपासावे. यंत्रांसाठीच्या सिमकार्डांना भारतात सन २०१८ पासून तेरा अंकी क्रमांक देण्यात येऊ लागले. असा क्रमांक पाहून तो चुकला असे समजू नये. सिमचे रिचार्ज कोण व केव्हा करणार, हे ठरवून ठेवावे. रिचार्ज संपल्यामुळे मुकी झालेली पेटी भिंतीवर दिवा लावून बसते आणि सर्वांना ती जागी आहे असेच वाटते. म्हणून पेटीने दर चोवीस तासांनी ‘मी ठीक आहे’ असा संदेश पाठवावा आणि तो न आल्यास तंत्रज्ञाने चौकशी करावी, अशी योजना असावी.

तिसरी गोष्ट सांकेतिक क्रमांकांची. पेटीला दोन प्रकारचे क्रमांक असतात. एक वापरणाऱ्याचा, ज्याने घंटा चालू-बंद होते. दुसरा तंत्रज्ञाचा, ज्याने सर्व रचना बदलता येते. कारखान्यातून येताना तंत्रज्ञाचा क्रमांक एकाच नमुन्याच्या सर्व पेट्यांना बहुधा सारखाच असतो आणि माहितीपुस्तिकेत छापलेलाही असतो. तो पहिल्याच दिवशी बदलला पाहिजे. सन २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक संगणक-प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर जगभर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी अमेरिकेतील डिन या कंपनीवर मारा झाला आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास असंख्य लोकांना उघडता आली नाहीत. घराला कुलूप लावावे आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवावी, असाच तो प्रकार होता.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनुमतीची. दूरस्थ देखभाल म्हणजे शाळेची आणखी एक किल्ली शाळेबाहेर देणे होय. म्हणून ती कोणाला, केव्हा व किती वेळ दिली, हे शाळेच्या हाती राहिले पाहिजे. अनेक पेट्यांत अशी सोय असते की मुख्याध्यापकांनी आपला क्रमांक दाबून परवानगी दिल्याशिवाय बाहेरून प्रवेश होत नाही, ठराविक वेळेनंतर तो आपोआप बंद होतो आणि घंटा चालू असताना तर मुळीच मिळत नाही. ही सोय सुरू करून घ्यावी. पेटी इंटरनेटला जोडलेली असल्यास बाहेरच्या कोणालाही दार ठोठावता येईल अशी वाट राउटरमध्ये उघडी ठेवू नये. पेटीनेच बाहेर संपर्क साधावा, ही पद्धत अधिक सुरक्षित आहे.

पाचवी गोष्ट चाचणीची. कोणताही बदल करण्यापूर्वी तंत्रज्ञाने पेटीतील चालू रचनेची प्रत जपून ठेवावी. बदल झाल्यावर शिक्षकाने प्रत्येक खोलीतून चालत जावे, प्रत्येक दार उघडावे आणि तंत्रज्ञाने फोनवर ‘आले’ म्हणावे. शेजाऱ्यांना आधी सूचना द्यावी. दुरून केलेला बदल जागेवर तपासला नाही, तर तो झाला असे समजू नये.

वारीच्या दिवसांतले एक उदाहरण

आषाढी वारीत नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज या मार्गावरील गावांत लाखो वारकरी येतात. अशा गावातील एखाद्या शाळेच्या दोन खोल्या मुक्कामासाठी उघडल्या आणि संगणक-कक्ष बंद ठेवला, असे समजा. पेटीची नेहमीची रचना तशीच राहिली तर रात्रभर सायरन वाजेल. कंटाळून कोणी पेटीच बंद करील आणि संगणक-कक्ष उघडा पडेल. दूरस्थ देखभालीने त्या दोन खोल्यांचे विभाग दोन रात्रींपुरते वगळून कक्षाचा विभाग चालू ठेवता येतो. तिसऱ्या दिवशी ते विभाग पूर्ववत् झाले की नाही, हे पाहण्याचे काम मात्र वहीत नाव घालून एका शिक्षकाकडे सोपवावे. वगळलेला विभाग विसरला जाणे, हा या व्यवस्थेतील फार मोठा दोष आहे.

किल्ली कोणाची?

समजा, दुपारच्या सुटीत मुख्याध्यापकांना फोन येतो : “गुरुजी, कंपनीतून बोलतोय. पेटी तपासायची आहे, तुमचा कोड सांगा.” बोलणे नम्र, पेटीचे नावही अचूक. अशा वेळी क्रमांक सांगू नये. खऱ्या तंत्रज्ञाला वापरणाऱ्याचा क्रमांक विचारण्याचे कारण नसते. फोन बंद करावा, वहीत लिहिलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा आणि मगच परवानगी द्यावी. मोबाइलवर उमटणारे नाव वा क्रमांक हा ओळखीचा पुरावा नव्हे. आर्थिक फसवणूक झालीच तर १९३० आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक कार्यालयात ठळक लिहून ठेवावेत.

शिक्षकाची बदली झाली की कार्यभार देताना दप्तर, धान्य व चाव्यांची मोजदाद होते. त्याच यादीत ‘पेटीचे सांकेतिक क्रमांक बदलले’ आणि ‘सूचनेच्या यादीतील जुना मोबाइल क्रमांक काढला’ या दोन ओळी वाढवाव्यात. नाहीतर मध्यरात्री शाळेचे दार फुटते आणि फोन वाजतो तो दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या गुरुजींच्या उशाशी.

शेवटी हे ध्यानात घ्यावे की पेटी चोराला धरीत नाही. ती माणसांना उठविते. सोलापूर ग्रामीण भागात पोलिसांनी पुरस्कारलेल्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनने एकाच वेळी अनेक गावकऱ्यांना संदेश जातो, त्यामागील तत्त्वही हेच आहे. सूचनेच्या यादीत मुख्याध्यापकांखेरीज शाळेजवळ राहणारे दोन पालक, पोलिस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य असावेत. देखभाल कोणास दिली, परवानगी कोण देणार, कोण धावून जाणार, याचा ठराव समितीच्या सभेत लेखी व्हावा. एकट्याने जाण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयावर चर्चा करताना प्रत्येक शाळेने तीन प्रश्नांची उत्तरे आणावीत : शाळेच्या राखणीची किल्ली आज कोणाकोणाच्या हाती आहे? मूळ सांकेतिक क्रमांक बदलला आहे काय? आणि आज रात्री घंटा वाजली, तर प्रथम कोण जागे होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता आले, तर पेटीवर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.