अडलेलें पिस्तूल काय सांगतें?

२१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या हातीं होतें तें ब्राउनिंग पिस्तूल. चाप दर वेळीं ओढावा लागे. बाकीचें काम यंत्र आपण होऊन करी. म्हणूनच या जातीच्या शस्त्रास अर्धस्वयंचलित म्हणतात.

गोळी सुटतांच तिच्या धक्क्यानें पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागें जातो. त्याचा आकडा रिकामी पुंगळी नळींतून ओढतो व ती खुंटीवर आपटून बाहेर उडते. मग दबलेली स्प्रिंग त्या भागास पुढें लोटते, आणि जातां जातां तो पेटींतलें वरचें काडतूस नळींत सारतो. जुनें पिस्तूल अडतें तें या साखळीचा एखादा दुवा निसटल्यामुळें.

भिवंडीचा अनुभवी जॉबर बंद पडलेला यंत्रमाग खोलण्याआधीं धोटा कोठें थांबला तें पाहतो. शस्त्राच्या कारागिराचीही रीत तीच. पुंगळी नळींतच राहिली, तर दोष आकड्याचा किंवा मळलेल्या नळीचा. ती बाहेर पडतां पडतां फटींत चिमटली, तर सरकता भाग पुरेसा मागें गेला नाहीं: काडतूस जुनें व दुबळें असेल, वंगण घट्ट झालें असेल, किंवा आकडा व खुंटी झिजलीं असतील. नवें काडतूस वर आलेंच नाहीं, किंवा नाक खालीं करून अडलें, तर संशय प्रथम पेटीवर घ्यावा. तिची स्प्रिंग सैल पडते, ओठ वांकतात. दुसरी चांगली पेटी लावून दोष नाहींसा झाला, तर निदान तेथेंच संपलें. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्या, तर खरा दोष कोणता तें कळत नाहीं.

चाप ओढला, पण बार झाला नाहीं, तर नळीचें तोंड सुरक्षित दिशेस ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें. कधीं कधीं बार उशिरां होतो. नंतर काडतुसाच्या टोपीवरील खळगा पाहावा. तो उथळ असेल, तर आघात करणारी सुई किंवा तिची स्प्रिंग दुबळी. खोल असेल, तर बहुधा काडतूसच निकामी. मात्र एका ओढीस दोन बार झाले, तर तें शस्त्र पुन्हां भरूं नये. चापाचा अडकाव झिजलेला असण्याचा संभव असतो.

बहुतेक दोषांचें मूळ मळ, पेटी किंवा स्प्रिंग यांत सांपडतें. उतावळेपणानें कानस चालविली, तर मात्र झिजलेलें पोलाद परत येत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें पिस्तूल बाळगण्यास जसा परवाना लागतो, तसा तें दुरुस्त करण्याचा धंदा करणाऱ्यासही लागतो. घरांत वडिलोपार्जित पिस्तूल असल्यास काय पाहिलें तें लिहून अशाच कारागिराकडे द्यावें.

आणि एक गोष्ट सर्वांच्या आधींची. पेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामें झालें, असें नव्हे. एक काडतूस नळींत दडलेलें असूं शकतें. पेटी काढून, सरकता भाग मागें ओढून, नळी डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कोणतेंही पिस्तूल रिकामें मानूं नये.