तुमचा एम्प्लॉयी कोड किती?

नोकरी सॉफ्टवेअरची : लेखांक ६

तीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत दुसरा मॉनिटर हवा असेल तर चहाच्या वेळी फाउंडरच्या कानावर घालायचं असतं. तो म्हणतो, "घेऊन टाक रे, बिल मला पाठव." संध्याकाळपर्यंत मॉनिटर टेबलावर. तीच कंपनी तीनशे माणसांची झाली की मॉनिटरसाठी तिकीट काढावं लागतं, मॅनेजरची मंजुरी लागते, मग हा खर्च कुणाच्या बजेटमध्ये टाकायचा असं फायनान्सवाले विचारतात, आणि तीन आठवड्यांनी जो मॉनिटर येतो तो मागितल्यापेक्षा चार बोटं लहानच असतो. जुनी मंडळी हा किस्सा रंगवून सांगतात. पण हाच किस्सा त्या कंपनीत गेल्या वर्षी लागलेल्या मुलीला ऐकवा. ती म्हणेल, "तिकीट होतं म्हणून मला मिळाला तरी. फाउंडरबरोबर चहाला मला कोण बोलावतंय?"

गेल्या आठवड्यात आपण मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमधली नोकरी पाहिली. तिथलं ट्रेनिंग, बेंच, क्लायंटच्या प्रोजेक्टवर होणारी रवानगी. आजचा विषय त्याहून निसरडा आहे. स्वतःचं प्रॉडक्ट बनवणारी, कुणीतरी भांडवल घातलेली आणि दर दीड-दोन वर्षांनी माणसं दुप्पट करणारी कंपनी. बाणेर, बालेवाडी, खराडीच्या काचेच्या इमारतींत अशा कंपन्यांचे मजलेच्या मजले आहेत. तिथे काय आवडतं आणि काय खुपतं, हे विचारत फिरलात तर उलटसुलट उत्तरं मिळतात. माझा अनुभव असा की, उत्तर देणाऱ्याचा एम्प्लॉयी कोड, म्हणजे तो कंपनीत कितवा लागला तो आकडा, आधी विचारून घेतला तर बरीचशी उत्तरं जागच्या जागी बसतात. कोड १७ आणि कोड २४० एकाच कंपनीत असतात, एकाच लिफ्टने वर जातात, पण त्यांच्या नोकऱ्या वेगळ्या असतात.

आधी आवडणाऱ्या गोष्टी घेऊ. पहिली म्हणजे वयाला न शोभणारी जबाबदारी. सर्व्हिस कंपनीत चोवीस वर्षांच्या मुलाच्या हातात एखाद्या बँकेच्या भल्यामोठ्या सिस्टिमचा एक स्क्रू येतो. इथे त्याच वयाच्या मुलाकडे अख्खं पेमेंटचं मॉड्यूल असतं. शुक्रवारी रिलीज करू नये हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी रिलीज शुक्रवारीच होतो. टेस्ट सर्व्हरवर दोन मिनिटांत झालेला डेटाबेसमधला बदल खऱ्या सर्व्हरवर चाळीस मिनिटं अडकून बसतो, कारण टेस्टमध्ये काही हजार नोंदी होत्या आणि इथे कोट्यवधी आहेत. रात्रीचे अकरा वाजलेत, ग्राहकांची पेमेंट्स थांबलीत, सहा जण एकाच स्क्रीनकडे बघताहेत आणि बदल मागे घ्यायचा की रेटायचा, हे त्या चोवीस वर्षांच्या मुलाला ठरवायचंय, कारण तो कोड त्याचाच आहे. सोमवारी तोच काय बिघडलं, का बिघडलं याचं टिपण लिहितो. अशा दोन-चार रात्रींत माणूस जे शिकतो ते कुठल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवता येत नाही. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत हीच रात्र तो उत्साहाने सांगतो. त्या वेळी आईला फोनवर "अजून किती वेळ?" याचं उत्तर देता आलं नव्हतं, ते मात्र सांगत नाही.

दुसरी गोष्ट बढती. यात कुणाची मेहेरबानी नाही, साधं गणित आहे. जिथे माणसं वाढत नाहीत तिथे वरचा कुणी सोडून गेल्याशिवाय खालच्याला जागा नाही. जिथे वर्षात चाळीसचे ऐंशी होतात तिथे चार-पाच नवे टीम लीड लागतातच, आणि बाहेरून येणाऱ्याला प्रॉडक्ट समजायला सहा महिने जातात. म्हणून आतलाच कुणीतरी अठ्ठाविसाव्या वर्षी मॅनेजर होतो. याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे त्याच्या हाताखालच्या सात जणांचा मॅनेजर असा असतो, ज्याने आजवर माणसं सांभाळलेली नाहीत. कोड उत्तम लिहितो म्हणून त्याला माणसांवर बसवलं. तो अप्रेझलच्या बैठकीत घाम पुसतो, वाईट बातमी चॅटवर टाइप करून पाठवतो आणि रात्री ज्युनिअरचा कोड गुपचूप स्वतःच दुरुस्त करून टाकतो. वाढत्या कंपनीबद्दलच्या निम्म्या तक्रारी मला अशा नवशिक्या मॅनेजरांबद्दलच्या वाटतात, आणि त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष फार नसतो.

आता ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण फार थोड्यांना नीट माहिती असते ते ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअरचे हक्क. इन्फोसिसने १९९४ मध्ये अशी योजना आणली आणि पुढे पगारावर जगणाऱ्या साध्या घरांत कंपनीच्या शेअरमुळे पैसा आला, ही गोष्ट आपल्याकडच्या मध्यमवर्गात दंतकथेसारखी पसरली. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदली गेली तेव्हा आपले पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाल्याचं संस्थापक गिरीश मातृभूतम यांनी सांगितलं. त्या आठवड्यात पुण्यातल्या किती जणांनी ड्रॉवरमधली ईसॉपची पत्रं बाहेर काढून पुन्हा वाचली असतील!

पत्रात काय असतं? समजा, २००० ऑप्शन्स, प्रत्येकी ५० रुपयांना घेण्याचा हक्क, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने. कायद्याने पहिल्या वर्षात काहीच हाती येत नाही, त्याआधी सोडलं तर सगळं बुडालं. चार वर्षांनी कंपनीच्या शेअरचं मूल्यांकन ६५० रुपये झालं. छान. हक्क वापरायचा तर ५० रुपयांप्रमाणे एक लाख रुपये भरायचे. शिवाय दर शेअरमागचा ६०० रुपयांचा फरक, म्हणजे एकूण १२ लाख रुपये, आयकर खात्याच्या लेखी तुमचं त्या वर्षीचं पगारी उत्पन्न. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट पावणेचार लाखांच्या आसपास कर. थोडक्यात, खिशातून पावणेपाच लाख घालून हातात आले ते बाजारात न विकता येणारे शेअर. २०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची सोय आली, पण ती ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या नवउद्योगांपुरती. नोकरी सोडली तर हा हक्क थोड्या मुदतीत, बऱ्याचदा तीन महिन्यांत, वापरावा लागतो. नाहीतर तो जातो. आणि कंपनी विकली गेलीच तर भांडवलदारांचा वाटा करारानुसार आधी निघतो, उरलं तर बाकीच्यांचं. हे सगळं ऑफर देताना कुणी खोटं सांगत नाही. फक्त सांगत नाही.

खुपणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर पगाराचा असेल असं बाहेरच्यांना वाटतं. पगार कमी, ही तक्रार मी कमी ऐकली; शेजारच्याला जास्त, ही फार. २०२१-२२ मध्ये माणसं इतक्या वेगाने नोकऱ्या बदलत होती की जून २०२२ च्या तिमाहीत एकट्या इन्फोसिसमध्ये गळतीचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्के झालं. अशा वेळी बाहेरून माणूस आणायचा तर बाजारभाव द्यावा लागतो, आतला मात्र वार्षिक वाढीच्या टक्क्यांवर असतो. समजा चार वर्षं खपलेल्याला १८ लाख, आणि ज्याला तो प्रॉडक्ट शिकवतोय त्या नव्याला २४. ऑफर लेटरवर 'गोपनीय' छापलेलं असतं, पण चहाच्या टपरीवर गोपनीय काही राहत नाही. इथे कोड १७ चा जीव जळतो. त्यावर त्याला उपाय एकच दिसतो, आपणही बाहेर पडून कुठेतरी नवा कोड घ्यावा.

दुसरं दुखणं वेळेचं. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाच्या अनुभवावरून १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यात बजावलं की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं घातली की तो आणखी रखडतो. कारण माणसं वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातली बोलणी कितीतरी वेगाने वाढतात. पाच जणांत जोड्या दहा, दहा जणांत पंचेचाळीस, पन्नास जणांत १२२५. वाढत्या कंपनीत याचा अर्थ असा की, जो इंजिनिअर सगळ्यांत जास्त जाणतो त्याचा मंगळवार सकाळच्या स्टँडअपने सुरू होतो, मग दोन मुलाखती, मग नव्या टीमला ओळख करून देणं, मग डिझाइनची चर्चा, पुन्हा मुलाखत. संध्याकाळी सहाला तो पहिल्यांदा कोड उघडतो. तासाभरात अमेरिकेचे कॉल सुरू होतात. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि इथला कॉल साडेदहावर जातो. हे दरवर्षी ठरलेलं, तरी दरवर्षी कुणीतरी वैतागून विचारतंच, "आपणच का जागायचं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर घड्याळात नाही, ग्राहक कुठे आहे यात आहे. पुण्यात २००८ मध्ये सुरू झालेल्या द्रुवाचं मुख्यालय आज सिलिकॉन व्हॅलीत आहे. फ्रेशवर्क्सचंही मुख्यालय कॅलिफोर्नियात गेलं. पैसे देणारे ग्राहक आणि भांडवल देणारे तिकडे, म्हणून विक्री तिकडे, आणि हळूहळू 'काय बनवायचं' हेही तिकडे ठरू लागतं. 'कसं बनवायचं' इकडे राहतं. सुरुवातीला ग्राहकाशी थेट बोलणाऱ्या इथल्या इंजिनिअरला आता ग्राहकाचं म्हणणं प्रॉडक्ट मॅनेजरच्या स्लाइडमधून कळतं. गौरी-गणपतीत मोठा रिलीज लावणाऱ्याला गौरी-गणपती माहीतच नसतात, आणि हे त्याला सांगण्याचं काम ज्याने करायचं तो नवा व्हाइस प्रेसिडेंट स्वतःच महिन्यापूर्वी आलेला असतो. तो येताना आपल्या जुन्या कंपनीतली तीन माणसंही घेऊन येतो. पहिल्या वीसांतली जी मुलं एके काळी फाउंडरच्या घरच्या डायनिंग टेबलवर बसून कोड लिहीत होती, ती आता त्याच्या हाताखालच्याच्या हाताखाली. पगार तोच, काम जवळपास तेच. पण हे अंतर त्यांना जितकं टोचतं तितकं दुसरं काही टोचत नाही.

त्यामुळे "पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य अशा कंपन्यांत सारखं कानावर पडतं. मी ते सहानुभूतीने ऐकतो, पण पुरतं मान्य करत नाही. पूर्वी रजा व्हॉट्सॲपवर एका ओळीत मिळायची, खरं आहे. ज्यांचं फाउंडरशी जमायचं त्यांना मिळायची. पूर्वी सगळे रात्री दोनपर्यंत थांबून पिझ्झा खायचे, हेही खरं, पण लहान मूल घरी असलेली बाई त्या पिझ्झ्याला नसायची, आणि महत्त्वाचे निर्णय नेमके तेव्हाच व्हायचे. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं म्हणणाऱ्या छोट्या कंपनीत छळाची तक्रार कुणाकडे करायची? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. पंचवीस माणसांच्या किती कंपन्यांत ती खरोखर असते, हे तिथल्या मुलींना एकदा विचारून बघावं. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आली. या गोष्टी प्रत्यक्षात उतरतात त्या बहुतेकदा एचआरचा वेगळा माणूस आल्यावर, मोठ्या ग्राहकाने किंवा भांडवलदाराने कागदपत्रं मागितल्यावर. मजा गेली ती ज्या दिवशी एचआर आलं त्या दिवशी, असं म्हणणारे बहुतेक पुरुष आणि बहुतेक पहिल्या पन्नासांतले असतात. रजेवरून परत आल्यावर आपली टीम, आपलं काम आणि आपली बढतीची पायरी जागेवर सापडलेल्या बाईला त्या कंटाळवाण्या पॉलिसीच्या पीडीएफबद्दल विचारा. ती ते पान तुम्हाला काढून दाखवेल.

अर्थात प्रत्येक नवा नियम असा उपयोगी नसतो. दर तिमाहीला उद्दिष्टांचा तक्ता भरायचा, पुढच्या तिमाहीत उद्दिष्टंच बदलायची आणि जुन्या तक्त्यावर अप्रेझल करायचं, हा खेळ मी कुणाच्याही फायद्याचा झालेला पाहिलेला नाही. एक ढोबळ कसोटी चालते. नियमामुळे नव्या माणसाला कुणाची ओळख न काढता काम करता येतं का? येत असेल तर तो राहू द्यावा. फक्त वरच्याला आकडा दाखवता येत असेल तर त्यावर कुरकुर करायचा सगळ्यांना हक्क आहे.

अशा कंपनीची ऑफर हातात असलेल्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारतात तेव्हा बहुतेक जण तंत्रज्ञानाबद्दल काहीतरी शोभेसं विचारतात. त्याऐवजी या टीममधून शेवटचं कोण सोडून गेलं आणि का, ते विचारावं. रात्री सर्व्हर पडला तर फोन कुणाला येतो आणि महिन्यातून किती वेळा, ते विचारावं. माझा होणारा मॅनेजर मॅनेजर होऊन किती दिवस झाले, हेही. ईसॉपच्या बाबतीत किती ऑप्शन्स मिळणार या आकड्यावर भाळू नये, कंपनीचे एकूण शेअर किती आणि सोडल्यावर मुदत किती, हे लेखी मागावं. एकूण एक कोटी शेअर असतील तर २००० ऑप्शन्स म्हणजे कंपनीचा ०.०२ टक्का, दहा कोटी असतील तर त्याचा दहावा हिस्सा. एचआरने एकूण आकडा सांगायचं टाळलं, तर त्या पत्राची किंमत शून्य धरावी आणि पगाराची बोलणी तिथून सुरू करावीत.

(पुढील लेखांकात : नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड)