मकतब आणि प्राथमिक शाळा

नांदेडच्या जुन्या वस्तीत किंवा उदगीर-औशाकडच्या एखाद्या मोठ्या गावात पहाटेची नमाज आटोपली की मशिदीच्या ओट्यावर लेकरं जमू लागतात. प्रत्येकाच्या हाती ‘कायदा’ असतो. हा कोर्टातला कायदा नव्हे बरं का. अरबी अक्षरओळखीच्या पुस्तिकेलाच तसे म्हणतात. तास-दीड तास अक्षरे, कलमा, दुवा, पुढे कुराणाचे वाचन. हेच मकतब. मग घरी जाऊन भाकर खायची आणि जिल्हा परिषदेची शाळा गाठायची. गावात उर्दू शाळा नसली तर मराठी. सकाळी उजवीकडून डावीकडे वाचणारे पोर दहा वाजता डावीकडून उजवीकडे वाचते!

हे धर्मशिक्षण शाळेतच का देत नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. आपल्या भागात ते एके काळी दिले जात होते. निजामी राजवटीत, थेट उस्मानिया विद्यापीठापर्यंत, मुसलमान विद्यार्थ्यांना ‘दीनियात’ आणि इतरांना ‘अखलाकियात’, म्हणजे नीतिशिक्षण, असा विषय असे. राज्यकर्त्याने धर्म शिकवायचा म्हटले की कोणाचा, कोणत्या भाषेत, हेही तोच ठरवणार. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी शिकविले, ती सरकारी शिक्षणाहून वेगळी वाट हवी म्हणूनच.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिचे २८ वे कलम शिक्षकांनी एकदा नीट वाचावे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याही धर्माचे धर्मशिक्षण देता येत नाही. कोणत्याही म्हणजे कोणत्याही. हा नियम एकट्या इस्लामसाठी नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खाजगी शाळेत ते देता येते, पण अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून त्या तासाला बसवता येत नाही. मात्र धर्म शिकवणे निराळे आणि धर्मांविषयी शिकवणे निराळे. रमजान म्हणजे काय, हे मराठी शाळेत अवश्य सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात हाच भेद मानला.

तेव्हा मकतब मशिदीत आणि शाळा शाळेत, ही वाटणी मला तरी चांगली वाटते. दोहोंची वेळ मात्र आदळता कामा नये. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य शासनाने २०२४ मध्ये काढला, त्याने हे सोपे झाले. मौलवीसाहेब आणि गुरुजी यांनी एकदा चहाला एकत्र बसून घड्याळ जुळवले तर शाळेत उशिरा येणाऱ्यांचा निम्मा प्रश्न मिटेल.

खरी अडचण निराळी आहे. काही मुले नऊ-दहाव्या वर्षी हिफ्जसाठी, म्हणजे तीस पाऱ्यांचे सबंध कुराण पाठ करण्यासाठी, परगावच्या मदरशात जातात. त्यात दोन-चार वर्षे सहज जातात. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या आहेत. काही मदरशांतून गणित, विज्ञानही शिकवतात, पण सर्वत्र नाही. बारा वर्षांचा मुलगा हाफिज होऊन गावी येतो. सहा हजारांवर आयती तोंडपाठ, आणि भागाकार येत नाही. तो मठ्ठ नव्हे हो! त्याच्याइतकी पाठांतराची सवय वर्गात कोणाला असणार? पण त्याला तिसरीच्या पोरांत बसवले तर लाजेने चार दिवसांत तो शाळा सोडील, आणि मग गॅरेज नाहीतर हॉटेल ठरलेले.

अशा मुलासाठीच त्या कायद्याचे चौथे कलम आहे. वयाला शोभेल त्या वर्गात त्याचे नाव घालायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे त्याचे शिक्षण मोफतच. वयाचा दाखला नाही किंवा वर्ष अर्ध्यावर आले, या सबबीवर मुख्याध्यापकांना त्याला परत पाठवता येत नाही. पालकांनी हे कलम सांगून प्रवेश मागावा.